भिंगरीची मुलाखत आणि माझा उजवा पाय

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या (वयाने, वजनाने नव्हे) भावाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग लेखीच घालतो आहे, कारण प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील, आणि तुझ्या गुडघ्यांची अवस्था बघता त्या माणसांत तुला धरता येणार नाही. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसतं ‘करते’ म्हणून सांगतेस? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हिची बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीची पाळी पुन्हा बदलली, त्यामुळे घरात कोण कधी जेवतं याचा कुणालाच पत्ता नसतो. माझं ड्रायव्हिंग स्कूल सुरू आहे. गाडी अजून तीच आहे आणि अजून चालते, यात माझं कर्तृत्व काही नाही, सगळा तिचा मोठेपणा.

तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे. भाऊ तुझ्या गावात येतो, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या नर्सिंग कॉलेजात दिवसभर बसतो आणि तुला तोंड न दाखवता परत जातो, ही बातमी तुला कुणीतरी पोहोचवलीच असणार. मी आधी लिहिणार होतो की परतीची बस सुटत होती. पण ती बस दिवसभर सुटतच असते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा सांगून टाकतो. त्या कॉलेजात माझी जी काही शोभा झाली, त्यानंतर ओळखीच्या माणसासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. काय झालं ते आता सविस्तर लिहितो. एकच विनंती, मधली पानं सोडून शेवटावर उडी मारू नकोस. (मारशीलच. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग आम्हाला सांगून आमचीही मजा घालवायचीस.)

तर आमची लेक भिंगरी. (हे नाव तूच ठेवलंस. रात्री डोकं इकडे करून झोपवावी, तर सकाळी पाय इकडे. आता मात्र एकदा बसली की बसली. घरात ती आहे की नाही हे दिवा लावल्याशिवाय कळत नाही.) बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात, जेवताना, ज्या आवाजात आपण मीठ मागतो त्या आवाजात ती म्हणाली की ती नर्सिंगची पदवी घेणार आहे आणि प्रवेश परीक्षेचा अर्जही भरून झाला आहे. मी सवयीने मीठ पुढे सरकवलं आणि मग ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात शिरलं. पुढचा तासभर मी बोलत होतो. बँकेत जा म्हणालो. शिक्षिका हो म्हणालो. अगदीच हौस असेल तर औषधांच्या दुकानात बस म्हणालो, तिथे औषधं पाकिटात असतात आणि आजारी माणसं काउंटरच्या पलीकडे. ती ऐकून घेत होती. मी दम खायला थांबलो तेव्हा ही मला म्हणाली, ‘‘अहो, तिने विचारलेलं नाही. सांगितलंय.’’ आणि भांडी आवरायला उठली.

तुला माझी पद्धत माहीत आहे. काही ठरवायचं असलं की मी गाडीत जो कुणी शिकायला बसला असेल त्याचं मत घेतो. महिनाभर मी गावाचं मत घेतलं. एका काकूंना भर चौकात विचारलं की मुलीने नर्स व्हावं का, तर त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ‘नको, नको, नको’ म्हणाल्या. मला वाटलं, आपल्याला पाठिंबा. (त्या समोरून येणाऱ्या ट्रकला म्हणत होत्या, हे मागाहून कळलं.) बँकेतल्या कॅशियरला विचारलं, एकुलती एक मुलगी घराजवळच राहावी की नाही, तो हो म्हणाला. शंका आली म्हणून उलटं विचारलं, मुलींना लांब पाठवावं की नाही, त्यालाही हो म्हणाला. मग मी त्याला विचारलं की तो उंट आहे का. पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो ताई, त्याचं सगळं लक्ष जिवंत घरी जाण्याकडे असतं. एवढं कळूनही मी घरी जाऊन सांगितलं की सगळ्या गावाचं मत माझ्यासारखंच आहे. भिंगरी म्हणाली, ‘‘बरं.’’ आणि पुस्तकाचं पान उलटलं.

तुला खरं सांगतो, मला त्या कामाची लाज नव्हती. उगाच कुणाचा गैरसमज नको. आपल्या आईच्या शेवटच्या आजारात रात्रपाळीच्या ज्या सिस्टर होत्या, त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायला मी तयार आहे. मला भीती वाटत होती. लोकांचं दुखणं, लोकांची घाण, लोकांची ओरड, सगळ्याच्या मधोमध ही दिवसभर उभी राहणार, आणि मी शेजारच्या सीटवर नसणार. बस, एवढंच होतं. हे एक वाक्य मला सांगता येत नव्हतं म्हणून मी महिनाभर बाकीची सगळी बोललो.

ती परीक्षा उत्तम पास झाली. यादीत नाव आलं. (हिने तिकीट खिडकीतून, रांगेतल्या अनोळखी माणसांना ही बातमी सांगितली. तिकिटं उशिरा मिळाली तरी कुणी तक्रार केली नाही म्हणे.) मग कॉलेजचं बोलावणं आलं, त्यात लिहिलं होतं की मुलाखतीला उमेदवारासोबत पालकानेही आत यायचं आहे. पालक म्हटल्यावर मी उभा राहिलो. ही म्हणाली, मी जाते, सुटी टाकते. मी म्हणालो, आजवर मी एवढी माणसं परीक्षेला बसवली आणि पास करून आणली, एक मुलाखत मला जड आहे काय?

मग तयारी. जेवणाच्या टेबलावर रोज संध्याकाळी मुलाखत. मी तिला सूत्र दिलं : आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण. म्हणजे प्रश्न आला की आधी समोरच्यांच्या तोंडाकडे बघायचं, मग ‘यावर माझं असं मत आहे’ असा इशारा द्यायचा आणि मगच हळूच उत्तराकडे वळायचं. ‘नर्सिंगच का’ या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः लिहून दिलं होतं, त्यात मानवता दोनदा, सेवा तीनदा आणि समर्पण एकदा होतं. प्रश्न मी विचारायचो, ती उत्तर द्यायला तोंड उघडायची, ती चुकेल या काळजीने मीच उत्तर द्यायचो, आणि उत्तर ऐकून परीक्षक म्हणून माझी मान डोलायची. एकदा ही कामावरून आली, दारात चपला काढता काढता आमचा हा सराव बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘तुम्हाला नक्की प्रवेश मिळणार.’’

आता पायाबद्दल लिहायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. इतकी वर्षं तो दाबून दाबून माझा उजवा पाय आता माझा राहिलेला नाही. काही वेडंवाकडं होणार असं वाटलं की तो मला न विचारता खाली जातो. न्हाव्याने वस्तरा हातात घेतला की जातो. सिनेमात नायक कड्याकडे पळाला की जातो. ही म्हणते, मी झोपेतसुद्धा पलंगाच्या कठड्याला ब्रेक लावतो. तुझ्या गावाला येताना बसमध्ये मी वाटभर पुढच्या सीटला ब्रेक लावत होतो, शेवटी त्या सीटवरचे गृहस्थ उठून जागा बदलून गेले. भिंगरी खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी पाठांतर करून घ्यायला लागलो की ती म्हणायची, ‘‘बाबा, पाणी हवंय का?’’

कॉलेजची इमारत चांगली आहे, स्वच्छ आहे, फिनेलचा वास आहे. लांब व्हरांडा, भिंतीशी बाकं, आणि बाकांवर मुली ओठातल्या ओठात काहीतरी घोकत बसलेल्या. पालक त्यांच्याहून जास्त घाबरलेले. माझ्या शेजारी एक गवंडी होता, नव्या शर्टाच्या घड्या तशाच. त्याने मला विचारलं की आत पालकाला इंग्रजीतून विचारतात का. मी म्हणालो, मुळीच नाही. (मला काय माहीत? पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून राहवलं नाही.) समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ओळीने खाटा, आणि एका खाटेवर माणसाएवढा रबरी पुतळा. दोन विद्यार्थिनी त्याला कुशीवर वळवत होत्या. वळवण्याआधी त्यातली एक त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘आता तुम्हाला डाव्या बाजूला वळवते हं, दुखलं तर सांगा.’’ पुतळ्याला! मला इतकं हसू आलं की मी भिंगरीला कोपराने ढोसलं. ती हसली नाही. ती कधीची तेच बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. माझं समर्पणाचं उत्तर घोकत नव्हती ती. ‘दुखलं तर सांगा’ म्हणून बघत होती. मग माझंही हसणं गेलं. पुतळ्याला विचारायची सवय यासाठी लावत असतील की उद्या घाईत माणसाला विचारायचं राहून जाऊ नये.

आमचा पुकारा झाला. आत टेबलामागे तिघं. मधे प्राचार्याबाई, एका बाजूला लिहून घेणारे एक सर, दुसऱ्या बाजूला इस्पितळाच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर, केस पिकलेले, हाताची घडी, तोंडातून शब्द नाही. आम्हाला दोन खुर्च्या. आणि माझ्या खुर्चीच्या पुढ्यात, बरोबर उजव्या पायाशी, स्टीलची ती कचऱ्याची बादली, जिला खाली पट्टी असते आणि पायाने दाबली की झाकण उघडतं. हात न लावता कचरा टाकायची सोय. ताई, तुझ्या लक्षात आलंच असेल.

प्राचार्याबाईंनी विचारलं, नर्सिंगच का? भिंगरीने श्वास घेतला. तिला पहिलं वाक्य आठवतंय की नाही या धास्तीने माझा पाय गेला. खण्ण! झाकण उघडलं. पाय उचलला. धप्प! मिटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी टाकायचं होतं असं भासवायला हवं, म्हणून मी खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते बादलीत टाकलं. (ती परतीची तिकिटं होती. जाता-येताची एकदम काढली होती, सोय म्हणून.) मग सरांनी विचारलं, रात्रपाळी झेपेल का? तिने तोंड उघडलं, खण्ण! या वेळी मी हातरुमाल टाकला. सर थांबले. प्राचार्याबाईंनी मला विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मी म्हणालो, छे छे, उत्तम, चालू द्या. आणि ‘चालू द्या’ म्हणतानाच पाय पुन्हा खाली गेला. आता खिशात कंगवा होता, तोही गेला. तिकिटांची आठवण झाली तेव्हा मी वाकून बादलीत हात घालणार होतो, तेवढ्यात त्या मुख्य सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. ‘‘त्यात हात घालायचा नाही.’’ मी हात मागे घेतला. असा आवाज मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यात कधी काढू शकलो नाही.

मग त्यांनीच भिंगरीला प्रश्न केला. पेशंट घाबरलाय, सांगितलेलं ऐकत नाही, तुझं काम अडलंय. काय करशील? हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता! माझा पाय असा काही गेला की बादली उडाली आणि टेबलाला जाऊन आपटली. मला वाटलं, संपलं. पोरीची जागा माझ्या पायाने घालवली. ‘मी जाते’ म्हणतानाचा हिचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

भिंगरी त्यांच्याकडे वळली नाही. माझ्याकडे वळली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि म्हणाली, ‘‘बाबा, गाडी उभी आहे. इंजिन बंद आहे. समोर काही नाहीये. आता मी तुमचा पाय जरा मागे घेते, चालेल ना?’’ मी मान हलवली. तिने माझा पाय हळूच मागे घेतला. बादली उचलून भिंतीशी ठेवली. मग खुर्चीत बसली आणि मुख्य सिस्टरना म्हणाली, ‘‘असं करीन.’’

सरांचं लिहिणं थांबलं होतं. मग प्राचार्याबाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? आणि माझ्या मुलीने, जी घरात दिवसाला चार वाक्यं बोलते, सांगायला सुरुवात केली. लहानपणी शाळा सुटली की आई खिडकीवर, म्हणून ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर असायची, हे तुला माहीत आहे. मला वाटायचं ती तिथे अभ्यास करते, झोपते. ती बघत होती. पुढे कुणीतरी थरथरत गाडी शिकतोय आणि शेजारी मी ओरडतोय. मी ज्या वेळी हवा बघायला नाहीतर पाणी भरायला खाली उतरायचो, त्या वेळात ही मागून पुढे वाकून त्या माणसाशी बोलायची. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांशी, जे क्लच म्हटलं की रडकुंडीला यायचे, आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणांशी. ती त्यांना म्हणायची, ‘बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते, म्हणून ते ओरडतात. पुढच्या वळणावर ते परत ओरडणार आहेत. ओरडले की तुम्ही नुसतं पुढे बघा.’ आणि मी ओरडायचो, आणि ते पुढे बघायचे. पुढे काय होणार हे आधी सांगितलं की माणूस निम्मा शांत होतो, असं ती त्या बाईंना सांगत होती. म्हणाली, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं आणि कसं बोलायचं नाही, दोन्ही मी बाबांच्या गाडीत शिकले.

ताई, गावभर मी सांगत आलो की माझी माणसं पहिल्या फटक्यात पास होतात ती माझ्या शिस्तीमुळे. पाटीवर रंगवून घेतलंय तसं. आणि त्या खुर्चीत बसून मला कळत होतं की माझ्या पाठीमागे एक दप्तरवाली पोर बसून माझं निम्मं काम करत होती. मला लाज वाटली. त्याहून जास्त अभिमान वाटला. आणि सगळ्यात जास्त रडू आलं, पण रुमाल बादलीत होता.

मुख्य सिस्टरनी घडी सोडून हात टेबलावर ठेवले. त्यांनी भिंगरीला काही विचारलं नाही, मला विचारलं. म्हणाल्या, पालकाला आत का बोलावतो माहीत आहे? दर वर्षी पहिल्या सहामाहीत काही जागा रिकाम्या पडतात. मुली सोडून जातात. मुलींना झेपत नाही म्हणून क्वचित. बहुतेक वेळा घरच्यांना झेपत नाही. मुलगी दोन दिवस रडते आणि रुळते, आई-बाप रडायचे थांबत नाहीत आणि तिला घेऊन जातात. ती जागा मग वर्षभर तशीच राहते आणि बाहेर बसलेल्या कुणातरी मुलीची गेलेली असते. तुम्ही बोलावून घेणार नाही ना? मी म्हणालो, प्रयत्न करीन. त्या म्हणाल्या, प्रयत्न नको. घेणार नाही, की सांगता येत नाही? भिंगरी माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिला मदत करायची असती तर ती करू शकली असती, पण तिने केली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी म्हणालो, घेणार नाही. आवाज इतका बारीक आला की सरांनी पुन्हा विचारलं. मग मी ओरडून सांगितलं, जसा गाडीत ओरडतो तसा. ‘‘घेणार नाही!’’ बाहेर बाकावरचा गवंडी दचकून उभा राहिला म्हणे.

संध्याकाळी व्हरांड्यात यादी लागली. आहे तिचं नाव. गवंड्याच्या मुलीचंही आहे. तो मला येऊन भेटला आणि म्हणाला, तुमचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, आत भांडावं लागतं, मी तशा तयारीने गेलो. येत्या सोमवारी भिंगरीने सामानासकट हजर व्हायचं आहे. पांढऱ्या गणवेशाचं माप दिलं. परतीची तिकिटं पुन्हा काढली. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी वाटभर पाय हलवला नाही, ती जागी होईल म्हणून. म्हणजे येतं मला.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. गुडघ्यांना जप, उन्हात बसत जा, माझ्यावरचा राग आता तरी सोड. ही आणि भिंगरी तुला नमस्कार सांगतात. तुझा ओरडणारा पण आतून मऊ,

धाकटा

ता. क. — एक सांगायचं राहिलं. पहिलं वर्ष वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे. पण गावात जवळचं नातेवाईक असेल, आणि त्याने स्वतः कॉलेजात जाऊन मागणी केली, तर सूट मिळते, असं बाहेरच्या शिपायाने मला सांगितलं. तुझी मागची खोली रिकामीच असते. तुला सोबत होईल. ती घरचं जेवेल. म्हटलं तर हे काही बोलावून घेणं नव्हे. विचार कर. घाई नाही, सोमवारपर्यंत कळव.

आणखी एक ता. क. — वरचा मजकूर खोडणार होतो, पण पान खराब होईल. ताई, तो मनावर घेऊ नकोस. सूट आहे हे भिंगरीला माहीत होतं. मी विषय काढताच म्हणाली, ‘‘आत्याकडे राहिले तर मी घरीच राहिले.’’ आणि मग जवळ येऊन बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला. मी गुडघा बाजूला घेतला. तेव्हा आता खरं काय ते ऐक. त्या दिवशी तुझ्याकडे आलो नाही ते शोभा झाली म्हणून नव्हे. माझी शोभा तुला काही नवी नाही. आलो असतो तर चहा उकळायच्या आत आपण दोघांनी मिळून तिची खोली ठरवली असती, कुठली खाट कुठे, इथपर्यंत. तुलाही ती हवी आहे, मला माहीत आहे. घरात एकटी असतेस, बोलत नाहीस, पण माहीत आहे. म्हणून तुझ्याकडे मागणं मागतो आणि ते तुलाही जड जाणार आहे. मी तुला फोन करीन. सोमवारनंतर नक्की करीन. काहीही कारण सांगेन, तिची तब्येत, तुझी तब्येत, परीक्षा, पावसाळा, वसतिगृहातली डाळ. रडेनसुद्धा. तू नाही म्हण. जन्मभर कोर्टात टायपिस्ट होतीस, तोंडी एक आणि लेखी एक झालं तर कुठलं धरायचं हे तुला मी सांगायला नको. हे पत्र माझं लेखी समज.

शेवटचा ता. क. — पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, तेवढ्यात हे घडलं. मघाशी तुला फोन केला आणि ‘सहज’ म्हणालो, तो सहज नव्हता. सोमवारचीही वाट बघवली नाही. मी विचारणारच होतो, पण मी तोंड उघडायच्या आत तू सांगायला लागलीस की मागच्या खोलीत वरच्या बिऱ्हाडाचं पाणी गळतंय, भिंती ओल्या झाल्यात, गादी कुजली, आणि निदान वर्षभर तरी तिथे कुणाला ठेवता यायचं नाही. आवाज जरा दाटलेला होता तुझा, मला वाटलं ओलीने सर्दी झाली असेल. मी मुकाट फोन ठेवला, फार वाईट वाटलं, आणि गळतीवर काय करावं ते तुला चार ओळी लिहावं म्हणून पुन्हा पेन उघडलं. चांगल्या दोन ओळी लिहूनही झाल्या, आणि मग हात थांबला. ताई, तुझं घर बैठं आहे. वर कुणी राहतच नाही.